रुळाला फट, डब्याची उडी: उद्यमबागेतलं एक प्रकरण

"डबा रूळ सोडून उडाला पायजे, आन् पलीकडच्या रुळावर जाऊन बसला पायजे. खालनं बघणाऱ्यानं तोंडात बोट घातलं पायजे." मागणी एवढीच. करणारे मामा निपाणी भागातले, वडिलांपासून पाळण्यांच्या धंद्यात. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, टोराटोरा, कोलंबस आणि लहान मुलांची ड्रॅगन गाडी एवढा त्यांचा पसारा. चिंचलीची मायाक्का, सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर, मधल्या गावांच्या लहानमोठ्या जत्रा, आणि सीमेपलीकडे कोल्हापूर-सांगली असं त्यांचं वर्ष जातं. अडचण अशी की आज प्रत्येक पाळणेवाल्याकडे हेच पाळणे आहेत. जागेचं भाडं चढत जातं आणि तिकीट मात्र शेजाऱ्याएवढंच ठेवावं लागतं. काहीतरी असं हवं की गर्दी आपल्याच कुंपणापाशी थांबेल.

कल्पना आली मोबाइलवरच्या एका व्हिडिओतून. जपानमधला रोलर कोस्टर, म्हणजे उंचावरून सोडलेली, रुळावरून खाली-वर धावणारी करमणुकीची गाडी, खाणीतल्या गाडीसारखा डबा, समोर तुटलेला रूळ, आणि डबा ती फट ओलांडून पलीकडे. व्हिडिओ खरा होता. त्यात दिसणारी उडी खरी नव्हती, पण त्याकडे नंतर येतो.

मामा आले ते बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये. तिथे मुख्य काम हायड्रॉलिक सिलिंडरचं, जोडीला फॅब्रिकेशन. मी त्यांची डिझाइनची गणितं करतो, म्हणून प्रकरण माझ्या टेबलावर आलं. वर्कशॉपचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, पहिल्याच दिवशी म्हणाले, "नाही म्हणून सांगायचं असेल तर आकड्यात सांग. नुसतं नाही म्हटलं तर मामा दुसऱ्या कुणाकडनं करून घेतील." हा धोका खरा होता. बेळगावात वेल्डिंग येणाऱ्या हातांची कमतरता नाही.

हातात काय होतं

जत्रेचा कोस्टर म्हणजे दर आठ-पंधरा दिवसांनी नटबोल्ट खोलून ट्रकवर चढणारा सांगाडा. त्यामुळे उंची ८ मीटर, डबा एक, बसणारे चार एवढी मर्यादा आधीच ठरली. ट्रेन न घेता एकच डबा घेतला हे उडीच्या दृष्टीने बरंच झालं. जोडलेल्या डब्यांत पहिला हवेत, दुसरा काठावर आणि तिसरा अजून रुळावर असला की तिघं एकमेकांना ओढतात, आणि ते गणित हाताबाहेर जातं.

फट जमिनीपासून २ मीटर उंचीवर असेल असं मामांनी चितारलं होतं. म्हणजे ६ मीटरची उतरण. घर्षण नसतं तर तिथे वेग सेकंदाला १०.८ मीटर आला असता. चाकं आणि हवा यांचं देणं फेडून १० धरला, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. मोटारसायकलवाला गावातून एवढ्या वेगाने रोज जातो.

फट २ मीटरची. डबा ती ०.२ सेकंदात ओलांडतो आणि तेवढ्या वेळात जेमतेम २० सेंटिमीटर खाली येतो. हा आकडा ऐकून मामा खुलले. "मग काय ओ, पलीकडचा रूळ वीतभर खाली ठेवायचा. झालं की!"

खरं तर झालंच होतं. उडी शक्य आहे यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. १९७२ साली ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये एका मोटारीने उतरंडीवरून सुटून हवेत स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेतली आणि ती चाकांवर उतरली. त्याचं गणित आधी संगणकावर केलेलं होतं. पण ती मोटार एक होती, चालवणारा त्यातलाच कसलेला होता, आणि रोज दीडशे वेळा तसं करायचं नव्हतं.

वेग पाच टक्के चुकला तर

कोस्टरला इंजिन नसतं. एकदा वरून सोडला की त्याचा वेग ठरवायला कुणी आत बसलेलं नसतं, आणि तो दर फेरीला थोडा वेगळा असतो. चार दांडगे गडी बसले की डबा जास्त धावतो, कारण हवेचा अडथळा तेवढाच राहतो आणि त्याला ढकलणारं वजन वाढतं. यल्लम्माच्या जत्रेत माघातल्या पहाटे बेअरिंगमधलं ग्रीस गारठलेलं असतं, पॉलियुरेथेनची चाकं कडक असतात. दुपारनंतर तोच डबा मोकळा होतो. पावसाने रूळ ओला झाला की आणखी वेगळा. समोरचा वारा धरायलाच नको.

पाच टक्के इकडेतिकडे धरले, आणि हे मी हात आखडूनच धरले. वेग ९.५ झाला तर डबा २१.७ सेंटिमीटर खाली येतो, १०.५ झाला तर १७.८. दोन्हींत जवळजवळ ४ सेंटिमीटरचा फरक. दहा टक्के धरले तर तोच फरक ८ सेंटिमीटर होतो.

४ सेंटिमीटर म्हणजे काय हे कळायला कोस्टरची चाकं बघावी लागतात. आजच्या कोस्टरचं चाक रुळावर नुसतं ठेवलेलं नसतं. एक चाक वरून, एक बाजूने आणि एक खालून, असं तिन्हीकडून ते नळीच्या रुळाला धरतं. ही खालची चाकं अमेरिकेतल्या जॉन मिलरच्या १९१९च्या पेटंटमधली. त्याआधीचे कोस्टर वजनाच्या जोरावरच रुळावर राहायचे. पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनामध्ये १९०२चा लीप-द-डिप्स हा कोस्टर तशाच बांधणीचा आहे, आणि म्हणूनच त्याच्या टेकड्या बुटक्या आणि वेग बेताचा आहे. शंभर वर्षांत कोस्टर उंच, वेगवान आणि उलटेपालटे झाले ते डब्याने रूळ घट्ट धरला म्हणून. मामांना नेमकं ते सोडायला लावायचं होतं.

रूळ आणि चाकांमधली मोकळीक मिलिमीटरची असते. तिथे ४ सेंटिमीटरचा फरक घेऊन येणाऱ्या डब्याला रुळावर कसं घ्यायचं? उपाय एकच, पलीकडच्या रुळाचं टोक पेन्सिलीसारखं निमुळतं करायचं, म्हणजे वरची आणि खालची चाकं आधी सैल शिरतील आणि मग हळूहळू रूळ जाड होत त्यांना जागेवर आणेल. हे निमुळतं टोक १ मीटर लांब केलं तर २ सेंटिमीटरची चूक सुधारताना चाकाला साधारण १ अंशाचा चढ लागतो. धक्का ५ मिलिमीटरच्या दबण्यात जिरतो असं धरलं तर तो ०.४ जीच्या आसपास येतो (१ जी म्हणजे आपल्या स्वतःच्या वजनाएवढा भार), म्हणजे किरकोळ. तेच टोक २५ सेंटिमीटरचं केलं तर चढ ४.६ अंशांचा होतो आणि धक्का ६ जीच्या वर जातो. लांबी चौथा हिस्सा, धक्का सोळा पट. आणि मीटरभर लांब, बारीक टोक पुढे काढून ठेवलं तर जत्रेतल्या माणसाला फट दिसेल की अर्धवट रंगवलेला रूळ? ही गोष्ट मामांना माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा आधी पटली.

हे झालं वर-खाली. बाजूचं वेगळंच. काठावरून सुटताना डब्याला सेकंदाला १० सेंटिमीटर एवढी जरी आडवी गती असली, तरी पलीकडे पोचेपर्यंत तो २ सेंटिमीटर सरकलेला असतो. दोन माणसं एकाच बाजूला रेलली, बाजूच्या चाकांपैकी एक थोडं झिजलेलं असलं, की तेवढं होतंच.

आणि वरचं सगळं गणित डब्याला एक ठिपका समजून केलेलं. खऱ्या डब्याला पुढची चाकं असतात आणि मागची असतात. सपाट रुळावरून तो सुटला तर पुढची चाकं आधी आधार सोडतात, मागची अजून रुळावर असतात. दोहोंत १.२ मीटर अंतर धरलं तर ०.१२ सेकंद नाक खाली पडत राहतं. तेवढ्यात डब्याला पुढे झुकण्याची जी गती मिळते ती हवेत थांबवायला काहीच नसतं, आणि तो तोंडघशी पलीकडच्या टोकावर जातो. यावर उपाय आहे, आणि खरं सांगायचं तर या प्रकरणात मला सगळ्यात आवडलेला भाग तोच. फटीच्या आधीचा रूळच फेकलेल्या दगडाच्या वाटेसारखा वाकवायचा. मग काठ येण्याआधीच चाकांवरचा भार शून्यावर आलेला असतो, नाक पडत नाही, आणि डब्याला सेकंदाला साधारण ५६ अंशांची जी वळण्याची गती मिळते तीच त्याला पुढच्या वाटेवर हवी असते. देखणं गणित. पण ते फक्त सेकंदाला १० मीटर या एकाच वेगाला जुळतं, आणि वेग तर आपण म्हटलं तसा दर फेरीला वेगळा.

अण्णांचा सेन्सर

अण्णांनी यावर हायड्रॉलिकवाल्याला सुचेल तोच मार्ग काढला. फटीच्या आधी वेग मोजायचा, जास्त असेल तर ब्रेकने कापायचा, कमी असेल तर डबा तिथेच उभा करायचा. चुंबकी ब्रेक बाजारात मिळतात, जवळून लोखंड गेलं की ओळखणारे प्रॉक्सिमिटी सेन्सर तर वर्कशॉपच्या कपाटातच पडलेले होते.

हे निम्मं बरोबर आहे. १० मीटर वेगाचा डबा माणसांना इजा न करता, म्हणजे अर्ध्या जीच्या आसपास, थांबवायचा तर १० मीटर लांबी लागते. म्हणजे निर्णय फटीच्या निदान १० मीटर आधी घ्यायला हवा. त्या जागेनंतर जे काही होईल, एखादं चाक अडकलं, कुणी हात बाहेर काढून खांबाला लावला, बेअरिंग बसलं, त्याला मग ब्रेक नाही आणि रूळही नाही. साध्या कोस्टरला वेग कमी पडला तर डबा दोन टेकड्यांमध्ये मागेपुढे होत खोळंबतो आणि माणसं शिडीने उतरवावी लागतात. लाजिरवाणं होतं, पण सगळी घरी जातात. फटीच्या कोस्टरला वेग कमी पडला तर डबा फटीत.

भारतीय मानक आयएस १५४७५, युरोपचं ईएन १३८१४ आणि अमेरिकेचं एएसटीएम एफ२२९१ ही सुरक्षिततेची तिन्ही मानकं मामांना वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता. त्यांना मी जत्रेचा हिशोब मांडून दिला. तीन मिनिटांना एक फेरी, दिवसाला आठ तास, म्हणजे १६० उड्या. हजारात एक उडी चुकली तर सहाव्या-सातव्या दिवशी अपघात. दहा हजारांत एक चुकली तर दोन महिन्यांत. दहा हजार वेळा न चुकणारं यंत्र म्हणजे फार चांगलं यंत्र, आणि तरी ते एका हंगामात माणूस मारतं.

मामा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मौत का कुआँ चालतोच की. तिथं काय रूळ हाय?"

प्रश्न नेमका होता. पण मौत का कुआँमध्ये तिकीट काढणारा वर कठड्याला उभा असतो, आणि जीवाची बाजी लावणारा त्याचे पैसे घेऊन, शिकून, भिंतीवर चढतो. इथे तिकीट काढणाऱ्यालाच, तेही बायकापोरांसकट, भिंतीवर चढवायचं. ते धंद्याच्या दृष्टीनेही मला मूर्खपणाचं वाटलं, आणि मी तसं म्हणालो.

मग जपानमध्ये काय केलं आहे

व्हिडिओतला कोस्टर ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमधला, डॉन्की काँगच्या नावाचा. तो डिसेंबर २०२४मध्ये सुरू झाला, आणि त्याचं भावंड मे २०२५मध्ये अमेरिकेत ऑरलँडोच्या नव्या उद्यानात. तिथे जो तुटका रूळ दिसतो त्यावर डबा चालतच नाही. खरा रूळ सजावटीमागे लपलेला असतो, त्यावर चाकांचा सांगाडा धावतो, आणि सांगाड्यातून निघालेल्या भक्कम बाहूवर वरचा डबा बसवलेला असतो. दिसणारा रूळ तुटतो, खरा तुटत नाही.

रूळ खरोखर तोडणारे कोस्टरही आहेत, पण तिथे डबा थांबलेला असतो. तैवानमधल्या ग्रॅव्हिटी मॅक्समध्ये २००२पासून गाडी तुटक्या रुळाच्या टोकाशी येऊन थांबते, रुळाचा तो तुकडा गाडीसकट उभा वाकतो, खालच्या रुळाला जुळतो आणि मगच तिला सोडतात. इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समध्ये २०१०च्या थर्टीनमध्ये अंधाऱ्या खोलीत रुळाचा तुकडा गाडी घेऊन सरळ खाली पडतो. दोन्हीकडे चाकांनी रूळ एक क्षणही सोडलेला नसतो.

हे ऐकून अण्णा जागेवरून उठले. रुळाचा तुकडा सिलिंडरने उघडायचा, लोकांना फट दाखवायची, डबा यायच्या आत बंद करायचा. "हे तर आपलंच काम. सिलिंडर घरचे." फोरमनने मान हलवली, "अण्णा, काय सांगूलाय? दर पंधरा दिवसाला खोलून जोडायचं. चिंचलीला जुळलेला सांधा सौंदत्तीच्या मातीवर जुळतोय होय?" मी वीस मिनिटं खर्च करून जे सांगितलं असतं ते त्याने दोन वाक्यांत संपवलं. पक्क्या पायावरचा हलता सांधा आणि दर जत्रेला लाकडी ठोकळ्यांवर लेव्हल केलेला हलता सांधा यांत फार अंतर आहे. तो मार्ग तिथेच सोडला.

उरला लपवलेल्या रुळाचा. मामांचा आक्षेप आला तो पैशांचा नव्हता. "म्हंजे फसवायचंच की. लोकास्नी कळलं तर?"

इथे मला एक गोष्ट त्यांना पटवता आली, जी मला या सगळ्या प्रकरणाचा कणा वाटते. उडीत डब्यातल्या माणसाला जे जाणवतं ते फटीमुळे जाणवत नाही. पोटात गोळा येतो, अंग सीटवरून सुटतं, ते डबा मोकळा पडत असल्यामुळे. फेकलेल्या दगडाच्या वाटेने वाकवलेला रूळ चाकांखाली असला तरी तसंच होतं. सेकंदाला १० मीटर वेगाला टेकडीच्या माथ्यावरची त्रिज्या साधारण १०.२ मीटर ठेवली की शरीराला वजनच राहत नाही. डोळे मिटून बसलेल्याला खरी उडी आणि असा माथा यांतला फरक सांगताच येणार नाही. फट फक्त डोळ्यांना दिसते, आणि सगळ्यात नीट दिसते ती कुंपणाबाहेरून, तिकीट काढायचं की नाही ठरवणाऱ्याला. खोपोलीच्या इमॅजिकामधला नायट्रो कोस्टर ज्यांनी केला आहे त्यांना विचारा, अंग हलकं झाल्याचं आठवतं की रूळ कसा होता ते. म्हणजे आत बसलेल्याला आपण फसवत नाही, त्याचं तरंगणं अस्सल असतं. बाहेरच्याला फसवतो, आणि जत्रेत त्यासाठीच तर तो येतो.

मामा हसले. होकार तेव्हाच आला असं मी धरतो.

कागदावर काय उतरलं

खरा रूळ खाली आणि थोडा आतल्या बाजूला, काळ्या पत्र्याच्या आडोशात. त्यावर तीन बाजूंनी धरणाऱ्या चाकांचा सांगाडा. बाहूची लांबी मीटरभर, त्याच्या टोकाला चार माणसांचा डबा, माणसांसकट वजन ५०० किलोच्या आसपास. उभा असतानाच बाहूच्या मुळाशी जवळपास ५ किलोन्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर येतो, आणि उतरणीच्या तळाशी ३ जी लागले की १५. कागदावर हा आकडा मोठा नाही. पण तो दर फेरीला शून्याजवळून १५पर्यंत जाऊन परत येतो, दिवसाला १६० वेळा, आणि लोखंड मोडतं ते अशा ये-जा करणाऱ्या ताणानेच, वेल्डच्या कडेला. म्हणून बाहूच्या मुळाशी वेल्ड ठेवायचा नाही असं मी लिहून दिलं. तिथे ओतीव स्टीलचा एक तुकडा, चारही बाजूंना गोलाई दिलेला, आणि वेल्ड त्याच्यापासून दूर, ताण कमी झालेल्या जागी. बेळगावात फाउंड्री शोधायला लांब जावं लागत नाही हा इथे झालेला फायदा. अण्णांनी घरच्या सिलिंडरचा हट्ट सोडला, पण ओतकाम कुणाकडे द्यायचं यावर मात्र ते एक शब्द ऐकून घेत नाहीत.

दिसणारी फट आता २ मीटरची राहिली नाही, ३ केली. तिच्यावर चाकच जात नाही म्हटल्यावर कंजुषी कशाला? खोट्या रुळाची टोकं वाकवून, गंज दाखवून, खाली दिवे लावायचे ठरलं. दिवे आडोशाकडे तोंड करून लावायचे नाहीत, नाहीतर खालचा काळा रूळ चमकेल. ही सूचना मामांच्या पोराची, आणि आम्हा तिघांपैकी कुणाच्याही लक्षात ती आली नव्हती.

मामांना हे मायाक्काच्या जत्रेला हवं होतं. मी आधी वाळूची पोती बसवून फेऱ्या, मग बाहूच्या मुळाची भेगांसाठी तपासणी, मग बाहेरच्या तपासनिसाचा दाखला आणि त्यानंतर माणसं असा क्रम दिला. त्यात जत्रा हुकते. दाखल्याशिवाय परवानगीचा अर्ज पुढे सरकणार नाही, आणि तो अर्ज कन्नडमध्ये भरायचा असल्याने मामांनी त्यासाठी भाच्याला बोलावून घेतलं आहे. पहिला बाहू ओतून आला आहे, त्याचं मशिनिंग सुरू आहे. खोटा रूळ मात्र आधीच तयार होऊन वर्कशॉपच्या भिंतीला उभा आहे, कारण मामांना तो आधी हवा होता. या वर्षी तेवढाच जत्रेत उभा करायचा त्यांचा विचार आहे, शेजारी पुढच्या साली येणार अशी पाटी लावून.